जबाबदारी विषयप्रमुखाची, सही मुख्याध्यापकांची

शाळेच्या दर्शनी फलकावर मुख्याध्यापकांचं नाव असतं, पर्यवेक्षकांचं असतं, पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारिणीचंही असतं. विज्ञानाचे विषयप्रमुख कोण, हे तिथे कुठेच लिहिलेलं नसतं. पण दहावीचा विज्ञानाचा निकाल घसरला, प्रयोगशाळेत परीक्षानळी फुटून एखाद्या मुलाचा हात कापला, सहामाहीच्या प्रश्नपत्रिकेत एका प्रश्नापुढे गुणच छापायचे राहिले किंवा तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाची यादी मुदतीत गेली नाही, की हे नाव सगळ्यांना बरोबर आठवतं.

महाराष्ट्रातल्या बहुतेक अनुदानित माध्यमिक शाळांत विषयप्रमुख हे वेगळी वेतनश्रेणी असलेलं पद नाही. जूनमधल्या कार्यभार वाटपाच्या सभेत नाव पुकारलं जातं, इतिवृत्तात एक ओळ पडते आणि काम सुरू होतं. विनाअनुदानित इंग्रजी शाळांत त्यालाच एचओडी म्हणतात. कुठे त्याचे थोडे पैसे मिळतात, कुठे नुसतंच ओळखपत्रावर छापतात. इंग्लंडमधल्या सरकारी शाळांत अशा कामासाठी 2006 पासून पगाराव्यतिरिक्त वेगळा भत्ता आहे आणि कोणत्या जबाबदारीसाठी तो द्यायचा याचे निकष ठरलेले आहेत. भत्त्याने ताण जातो असं नाही. तिथलेही विभागप्रमुख मेटाकुटीला आलेले असतातच. पण भत्ता द्यायचा म्हटलं की काम काय आहे ते आधी कागदावर लिहावं लागतं. आपल्याकडे तेच राहून जातं, आणि माझ्या मते या कामातला निम्मा ताण तिथूनच सुरू होतो.

मिशिगन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट कान आणि त्यांचे सहकारी यांनी 1964 साली नोकरीतल्या ताणावर एक पुस्तक लिहिलं. माणूस कामाच्या ओझ्याने थकतो हे तर सर्वांनाच माहीत होतं. त्यांनी आणखी दोन गोष्टी दाखवल्या. वेगवेगळी माणसं एकाच माणसाकडून एकमेकांशी न जुळणाऱ्या अपेक्षा ठेवतात, ही पहिली. आपल्याकडून नक्की काय अपेक्षित आहे हेच त्या माणसाला स्पष्ट नसतं, ही दुसरी. विषयप्रमुखाच्या वाट्याला दोन्ही येतात. मुख्याध्यापकांना वाटतं, याने विभागातल्या शिक्षकांकडून काम करून घ्यावं. शिक्षकांना वाटतं, याने आपली बाजू वर मांडावी. पालकांना वाटतं, तक्रारीचा निकाल याने तिथल्या तिथे लावावा. वर्गातली मुलं मात्र याला फक्त आपले सर किंवा आपल्या बाई समजतात, कारण आठवड्यातले बहुतेक तास हा माणूस इतरांसारखाच शिकवत असतो. अडकित्त्यातल्या सुपारीची ही गत. सुपारीने दीर्घ श्वसन केलं तरी अडकित्ता काही सैल होत नाही.

म्हणून 'ताणतणाव व्यवस्थापन' या विषयावर शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर ठेवलेल्या व्याख्यानांबद्दल मला फारसं ममत्व नाही. प्राणायाम चांगलाच आहे. पण त्या व्याख्यानाची उपस्थिती, फोटो आणि अहवाल पाठवायचं काम शेवटी कुणाकडे येतं, हे स्टाफरूममध्ये कुणालाही विचारावं.

काम आणि ताण यांचा संबंध सरळ नाही, हे रॉबर्ट कारासेक या संशोधकाने 1979 साली अमेरिका आणि स्वीडनमधल्या नोकरदारांच्या पाहण्यांवरून मांडलं. कामाचा रेटा आणि ते काम कसं करायचं हे ठरवण्याची मुभा, अशा दोन गोष्टी त्याने वेगळ्या काढल्या. रेटा जास्त आणि मुभाही जास्त असेल तर माणूस दमतो, पण त्यातून शिकतोही. रेटा जास्त आणि मुभा कमी असली की माणूस पिचतो. पुढे यात तिसरी बाजू जोडली गेली ती सहकाऱ्यांच्या आधाराची. ब्रिटिश सरकारी नोकरांचा 'व्हाइटहॉल-2' म्हणून ओळखला जाणारा मोठा अभ्यास 1985 पासून दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवर सुरू झाला. त्यातही हेच दिसलं: ज्यांना आपल्या कामावर ताबा कमी होता, त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण जास्त होतं. मोठ्या साहेबांना ताण जास्त आणि म्हणून हृदयविकारही जास्त, ही समजूत त्या आकडेवारीत टिकली नाही.

आता विषयप्रमुखाकडे बघा. वेळापत्रक तो ठरवत नाही. विभागात कोण शिक्षक असावा हे तो ठरवत नाही. संचमान्यतेत एखादं पद कमी झालं की तास उरलेल्यांत वाटले जातात. कोणाची रजा मंजूर करायची हे त्याच्या हातात नाही. प्रयोगशाळेसाठी रसायनं घ्यायची तर मागणी तो करणार, मंजुरी वरून, बिलावर सही मुख्याध्यापकांची. तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिकं, टाचणं, प्रश्नपत्रिका, निकालाचं विश्लेषण या सगळ्यांची जबाबदारी मात्र त्याची. रेटा पूर्ण, मुभा तुटपुंजी.

वर्षाचा फेरा शिक्षकांना सांगायला नको. जूनमध्ये वार्षिक नियोजन आणि घटक नियोजन, मग पहिली घटक चाचणी, विज्ञान प्रदर्शन, इन्स्पायर मानकच्या नोंदी, सहावी आणि नववीच्या मुलांसाठी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा, शिष्यवृत्ती परीक्षा, आठवीची एनएमएमएस, दिवाळीपूर्वी प्रथम सत्र. 28 फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन नेमका बोर्डाच्या परीक्षांच्या गर्दीत येतो. दहावीला विज्ञानाचे 40-40 गुणांचे दोन लेखी पेपर आणि 20 गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा, त्यामुळे या विषयाच्या प्रमुखाला लेखी परीक्षेआधीच एक परीक्षा पार पाडावी लागते. मग वार्षिक, आणि 1 मे रोजी निकाल. ही सगळी कामं तारखेने माहीत असलेली आहेत. गंमत अशी की माहीत असलेल्या कामांचा जाच कमी होतो.

जाच होतो तो मधेच टपकणाऱ्या कामांचा. सकाळी साडेदहाला व्हॉट्सअॅपवर निरोप येतो: 'सोबतच्या लिंकमध्ये माहिती आज दुपारी दोनपर्यंत भरावी. माहिती निरंक असल्यास निरंक कळवावी.' यू-डायसची माहिती, सरल पोर्टलवरच्या दुरुस्त्या, अपार आयडी, नियतकालिक मूल्यांकन चाचणीचे गुण, कुठल्या तरी सप्ताहाचे पाच फोटो. ही कामं कागदोपत्री विषयप्रमुखाची नसतात, पण शाळेत ज्याला संगणक बरा चालवता येतो आणि जो नाही म्हणत नाही, त्याच्याकडे ती आपोआप सरकतात. विभागप्रमुखांत अशी माणसं बरीच सापडतात. बहुधा याच गुणांवर त्यांची निवड झालेली असते.

इथे कायदा माहीत असलेला बरा. शिक्षण हक्क कायदा, 2009 याच्या कलम 27 नुसार शिक्षकाला दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता इतर अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. निवडणुकीचं कामही साधारणपणे सुटीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2007 मधल्या निकालात म्हटलं आहे. याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाच्या आठवड्याच्या कामाचे किमान 45 तास धरलेले आहेत आणि त्यात तयारीचे तासही मोजलेले आहेत. म्हणजे तयारी हे घरी फुकटात करायचं काम आहे असं कायदाही मानत नाही. अर्थात कलम 27 छापून स्टाफरूममध्ये लावलं म्हणून लिंक यायची थांबत नाही. त्याचा उपयोग मुख्याध्यापकांशी बोलताना होतो. हे काम माझ्या विभागाचं आहे, शाळेचं आहे, की दोघांचंही नाही, एवढा प्रश्न तरी त्या आधाराने विचारता येतो.

तो प्रश्न विचारण्याची एक पद्धत अनेक अनुभवी शिक्षक वापरतात आणि ती चालते. सरळ नकार द्यायचा नाही. "सर, प्रदर्शनाची यादी आणि चाचणीचे गुण, दोन्ही आजच मागितलेत. मला तीन तास आहेत आणि एकच ऑफ. आज एक होईल, दुसरं उद्या अकरापर्यंत. कुठलं आधी करू?" वरवर हे विनयाचं बोलणं वाटतं. प्रत्यक्षात निवड करण्याचा भार ज्याची सही आहे त्याच्याकडे परत जातो. न विचारता दोन्ही कामं अर्धी अर्धी केली, तर दोन्हींचा ठपका विषयप्रमुखावर राहतो.

वर्षाच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांसोबत अर्धा तास बसून एक पान लिहून घेतलं तर असे प्रसंग कमी येतात. त्या पानावर मोठ्या गोष्टी नकोत. प्रश्नपत्रिका अंतिम कोण करणार? टाचण तपासून शेरा मी लिहायचा की पर्यवेक्षकांनी? पालकांची गुणांबद्दलची तक्रार आधी कुणाकडे? प्रयोगशाळेसाठी किती रुपयांपर्यंतची खरेदी मी विचारल्याशिवाय करू शकतो? विभागाच्या बैठकीसाठी आठवड्यातला कोणता तास सगळ्यांना मोकळा ठेवाल? शेवटचा प्रश्न वेळापत्रक तयार व्हायच्या आधी विचारायला हवा. नंतर वेळापत्रक समितीचे सर दोन्ही हात जोडतात. हे पान म्हणजे कानने सांगितलेल्या दुसऱ्या त्रासावर, अपेक्षाच स्पष्ट नसण्यावर, थेट इलाज आहे.

पहिल्या त्रासाला, दोन बाजूंच्या ओढाताणीला, इतका सोपा इलाज नाही. त्यातला सगळ्यात नाजूक भाग सहकाऱ्यांचा. परवापर्यंत ज्यांच्या डब्यातली भाजी वाटून खाल्ली, त्यांचं टाचण आज तपासायचं. सेवाज्येष्ठतेने प्रमुखपद मिळालं असेल तर निदान वयाचा आधार असतो. खाजगी शाळांत तिशीतल्या मॅडम पन्नाशीतल्या सरांच्या प्रमुख असतात, तेव्हा 'सर, तुमचा आठवीचा भाग मागे आहे' हे वाक्य चार दिवस घशात अडकून राहतं. मग त्या मॅडम काय करतात? आठवीच्या त्या तुकडीचे जादा तास स्वतःच घेतात.

'मीच करतो' ही या कामातली सगळ्यात महाग सवय आहे. कुणी रजेवर गेलं, बदली तास लावायचा आहे. "मॅडम, मला आज एकच ऑफ आहे हो," असं एक जण म्हणतं, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरच ते लिहिलेलं असतं. मागून वाईट व्हायचं, त्यापेक्षा आपणच वर्गावर जावं. एकदा जाणं सोपं असतं. दहाव्यांदा गेल्यावर विभागाचा तो नियमच होऊन बसतो, आणि मनात एक हिशेब साठत जातो जो कधीच कुणापुढे मांडला जात नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ योहानेस सीग्रिस्ट यांनी 1996 साली नेमकं हेच मांडलं की घातलेले कष्ट आणि मिळालेली परतफेड यांतली तफावत दीर्घकाळ राहिली की ती शरीराला भोवते. परतफेड म्हणजे पैसेच नव्हेत. मान आणि नोकरीतली सुरक्षितताही त्यात येते.

यावर उतारा साधा आणि थोडा कोरडा आहे: बदली तासांची नोंदवही. कुणी किती घेतले ते सगळ्यांना दिसेल अशी. तोंडी विनंतीत भीड येते, वहीतल्या आकड्याला भीड नसते. विभागप्रमुखाचे तासही त्यातच लिहिलेले असावेत. काही महिन्यांत कुणाला काही न सांगता वाटणी बरीच सरळ होते, निदान कुरबूर तरी आकड्यांवर येते.

ज्येष्ठ सहकाऱ्याशी बोलायचंच असेल तर स्टाफरूममध्ये नको आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नको. ग्रुपवर 'काही शिक्षकांची टाचणं अपूर्ण आहेत' असा मोघम निरोप टाकला की ज्यांची पूर्ण आहेत ते दुखावतात आणि ज्यांची अपूर्ण आहेत ते तो दुसऱ्यांबद्दल आहे असं समजतात. प्रयोगशाळेच्या दाराशी दोन मिनिटं उभं राहून, नावानिशी, एका गोष्टीबद्दल बोलावं. "सर, प्रकाशाचं अपवर्तन राहिलंय. या आठवड्यात माझे दोन तास तुम्हाला देऊ का, की पुढच्या आठवड्यात तुम्ही भरून काढाल?" यात प्रश्न आहे, पण काम राहिलंय हे लपवलेलं नाही.

आता तपासणी. वेळ खाणारी सगळ्यात मोठी गोष्ट हीच. समजा एका शिक्षकाकडे 60 मुलांच्या चार तुकड्या आहेत आणि एक उत्तरपत्रिका तपासायला पाच मिनिटं लागतात. 240 उत्तरपत्रिकांची 1,200 मिनिटं, म्हणजे 20 तास. एका चाचणीचे. त्यावर विषयप्रमुखाने इतरांच्याही तपासणीवर नजर टाकायची. इंग्लंडच्या शिक्षण खात्याने नेमलेल्या एका गटाने मार्च 2016 मध्ये तपासणीच्या ओझ्यावरच अहवाल दिला. तपासणी अर्थपूर्ण असावी, झेपणारी असावी आणि मुलांना हुरूप देणारी असावी, अशा तीन कसोट्या त्यात होत्या. वहीच्या प्रत्येक पानावर लाल शाई दिसली पाहिजे ही अपेक्षा मुलांसाठी नसून तपासायला येणाऱ्यांसाठी असते, हे तिथल्या शिक्षकांचं म्हणणं आपल्याकडेही कुणी खोडून काढेल असं वाटत नाही.

विभागप्रमुखाला इथे खरोखर मुभा असते, म्हणून इथे जोर लावावा. एक म्हणजे संविधान तक्ता आणि गुणदान योजना प्रश्नपत्रिकेसोबतच तयार व्हावी, नंतर नव्हे. दुसरं, एका इयत्तेच्या सगळ्या तुकड्यांचा एक प्रश्न एकाच शिक्षकाने तपासावा. पहिलं उत्तर छान असलं की पुढच्या उत्तरांनाही नकळत सैल हाताने गुण जातात. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 सालीच माणसांना गुण देताना होणाऱ्या या चुकीचं वर्णन केलं आहे. प्रश्नवार तपासणीत ती कमी होते, वेग वाढतो, आणि 'ब तुकडीच्या मॅडम सढळ, अ तुकडीचे सर कडक' ही पालकसभेतली ओळखीची तक्रारही निम्मी होते. तिसरं, फेरतपासणीसाठी गठ्ठाच्या गठ्ठा उचलू नये. प्रत्येक तुकडीतल्या वरच्या, मधल्या आणि काठावरच्या दोन-दोन उत्तरपत्रिका पुरतात. फरक सापडला तरच पुढे जावं.

ऑफ तासाबद्दल थोडं. कागदावर रोज एक ऑफ असतो, पण तो सलग 35 मिनिटं मिळणं दुर्मीळ. प्रश्नपत्रिका काढायला बसावं तर शिपाईदादा नोटीस घेऊन येतात, मग एक पालक, मग मुख्याध्यापकांचा निरोप. सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये दाखवलं की अर्धवट सोडलेल्या कामात मन गुंतून राहतं आणि पुढचं काम त्यामुळे खराब होतं. त्यांच्याच नंतरच्या अभ्यासात एक छोटा उपाय निघाला: उठण्यापूर्वी कुठे थांबलो आणि परत आल्यावर पहिली गोष्ट काय करायची, हे चटकन लिहून ठेवायचं. संध्याकाळी घरी जातानाही हेच उपयोगी पडतं. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या 2011 मधल्या प्रयोगांत, अपुऱ्या कामाचा नुसता ठोस बेत ठरवला तरी ते काम डोक्यात घोळायचं थांबलं; काम पूर्ण व्हावं लागलं नाही. म्हणून बेल झाल्यावर पाच मिनिटं बसून उद्याचं काम वेळेसकट लिहावं आणि वही शाळेतच ठेवावी. रात्री नऊनंतर विभागाच्या ग्रुपवर निरोप टाकायचा नाही, हा नियम प्रमुखाने आधी स्वतःला लावावा. त्याच्या निरोपाला उत्तर दिलंच पाहिजे असं इतरांना वाटतं, त्याला वाटो न वाटो.

एवढं करूनही काही जण कोलमडतात. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची नोंद आजार म्हणून न करता कामाशी निगडित अवस्था म्हणून केली. क्रिस्टिना मास्लाक यांच्या 1981 पासूनच्या कामात तिची तीन लक्षणं येतात: पार गळून जाणं, माणसांबद्दल कोरडेपणा येणं आणि आपल्या हातून काहीच होत नाही असं वाटणं. शिक्षकांत दुसरं लक्षण आधी ओळखावं. 'या वर्गाचं काही होणार नाही' हे वाक्य एरवी मायेने शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडून रोज यायला लागलं, तर तो चिडका झाला असं समजून सोडून देऊ नये. झोप उडणं, रविवारी संध्याकाळीच छातीत धडधडणं, वर्गात जाण्याची भीती हे आठवडेच्या आठवडे चाललं तर डॉक्टरांकडे जावं. 14416 या टेली-मानसच्या विनामूल्य क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. शाळेतल्या कुणाला ते कळवण्याची गरज नसते.

राहता राहिली एक व्यवस्था, जी आपल्या अनेक विद्यापीठांत आहे आणि शाळांत फारशी नाही. तिथे विभागप्रमुखपद ठरावीक वर्षांनी फिरतं. शाळेत मात्र एकदा चिकटलेलं प्रमुखपद निवृत्तीपर्यंत सुटत नाही, कारण ज्याला जमतं त्याच्याकडेच ते राहू देणं सगळ्यांच्या सोयीचं असतं. दर तीन वर्षांनी ते बदललं तर टाचण तपासणाऱ्याला आपलंही टाचण उद्या कुणी तपासणार आहे याचं भान राहील, आणि विभागातल्या प्रत्येकाला एकदा तरी बदली तास मागण्याचा अनुभव येईल. त्यासाठी लागते एक नीट लावलेली फाइल: मागच्या तीन वर्षांचे संविधान तक्ते, प्रश्नपेढी, प्रयोगशाळेची डेडस्टॉक नोंदवही, स्पर्धांच्या मुदतींचं एक पान, आणि कोणत्या कार्यालयात कोणती माहिती कुठल्या महिन्यात मागतात याची यादी. ही फाइल मे महिन्याच्या सुटीआधी तयार करायला हरकत नाही. पद सोडायचं नसलं तरीही.